टेबल सगळ्यात शेवटी बघा: गेलिक फुटबॉलच्या लीगमध्ये आपल्या काउंटीचा फॉर्म कसा ओळखायचा

आयर्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडी सोसते का? आणि फुटबॉल बघता का? दुसऱ्या प्रश्नावर आपण उत्साहाने मँचेस्टर-लिव्हरपूल सुरू करतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. डब्लिनच्या जरा बाहेर पडलात की फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल. पंधरा विरुद्ध पंधरा, चेंडू हातातही घेता येतो, आणि गोलपोस्टचे खांब आडव्या दांडीच्या वर उंच गेलेले. दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट.

मी मीथ काउंटीत, नॅवनला राहतो. पहिल्या वर्षी लीगचा एक सामना आपण जिंकलो (हो, 'आपण', इथे दोन हिवाळे काढले की सर्वनाम आपोआप बदलतं) म्हणून मी शेजारच्या आजोबांचं अभिनंदन करायला गेलो. ते कुंपणापाशी उभे होते. 'जिंकलो ते ठीक,' ते म्हणाले, 'पण दुसऱ्या हाफमधले आपले किकआउट बघितलेस का?' मी बघितले नव्हते. मी फक्त स्कोअर बघितला होता. त्यानंतर त्यांच्या शेजारी बसून जे शिकलो ते पुढे देतोय. त्यांना आजोबा मी मनात म्हणतो. तोंडावर इथे सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारतात.

पहिलं काम: स्कोअर वाचायला शिका

स्कोअर लिहितात १-१४ असा. डॅशच्या आधी गोल, नंतर पॉइंट. एक गोल तीन पॉइंटांचा, म्हणून १-१४ म्हणजे १७. समोरचा संघ ०-१६ वर असेल तर तो एका पॉइंटाने हरला. नवखा माणूस नेमका इथे फसतो: चौदापेक्षा सोळा मोठे दिसतात. लीगच्या तक्त्यात (टेबलात) विजयाला दोन आणि बरोबरीला एक मिळतो, त्यांना या लेखात मी 'गुण' म्हणतो. मैदानावरचे ते 'पॉइंट'. गल्लत नको.

२०२५ पासून यात एक भर पडली. गोलपासून चाळीस मीटरवर एक कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून मारलेली किक दांडीवरून गेली तर दोन पॉइंट मिळतात आणि गोलपोस्टशेजारचा पंच पांढऱ्याऐवजी केशरी झेंडा वर करतो. (गोलला हिरवा.) जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेल्या नव्या नियमांपैकी हा एक. डब्लिनचे माजी प्रशिक्षक ते हेच. या नियमांनी खेळ इतका बदलला की २०२४ पर्यंतची तुमची सगळी मापं जुनी झाली. पूर्वी सहा पॉइंटांची आघाडी शेवटच्या दहा मिनिटांत निर्धास्त वाटायची. आता तीन केशरी झेंडे आणि खेळ बरोबरीत.

आपली काउंटी कुठे आहे आणि तिला काय हवंय?

लीगमध्ये चार डिव्हिजन, प्रत्येकीत आठ संघ. बत्तीस काउंट्या आणि बत्तीस संघ, हिशेब सरळ वाटतो. पण किलकेनी या लीगमध्ये नाही. ती काउंटी हर्लिंगवेडी (काठी-चेंडूचा आयरिश खेळ), फुटबॉलकडे तिची पाठच. बत्तिसावा संघ लंडनचा, घरचे सामने राइस्लिपला खेळणारा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ आपल्या डिव्हिजनमधल्या सातही संघांशी एकेकदा खेळतो. वरचे दोन बढती घेतात, खालचे दोन घसरतात.

सात सामने म्हणजे काहींना चार घरचे, काहींना तीनच. वेळापत्रक आलं की पहिल्यांदा हे मोजा. आणि घरी कोण येतंय तेही. तगडा संघ घरी आणि दुबळा बाहेर, की उलट, यावर एखाद-दोन गुण सहज इकडचे तिकडे होतात.

मग स्वतःला विचारा, या काउंटीला या वर्षी लीगमधून हवंय तरी काय? केरीसारख्या बलाढ्य काउंटीच्या माणसाला फेब्रुवारीतल्या पराभवाने झोप लागत नाही असं नसतं. त्यांचं लक्ष जुलैकडे, म्हणजे ऑल-आयर्लंड या देशभरच्या उन्हाळी स्पर्धेच्या फायनलकडे असतं. चौथ्या डिव्हिजनमधल्या काउंटीला मात्र बढती हीच वर्षाची कमाई. दोघांचा 'फॉर्म' एकाच तराजूत तोलणं म्हणजे दहावीच्या मुलाचा आणि पीएचडीवाल्याचा पेपर एकाच उत्तरसूचीवरून तपासणं.

सगळ्यात चटका बसतो तो दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाला. ऑल-आयर्लंडच्या मुख्य स्पर्धेत, म्हणजे सॅम मॅग्वायर करंडकासाठी, सोळा संघ घेतात. चार प्रांतांच्या आपापल्या स्पर्धांच्या फायनलचे आठ संघ, आदल्या वर्षीचा टॅल्टिन कपचा (दुय्यम स्पर्धेचा) विजेता, आणि उरलेल्या जागा लीगमधल्या क्रमांकावरून. बाकीच्यांच्या वाट्याला टॅल्टिन कप. २०२३ मध्ये मीथ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकली होती, तरी क्रमांक पुरेसा वर नव्हता. प्रांतात ऑफलीकडून हरली आणि थेट टॅल्टिन कपात गेली. सात वेळा ऑल-आयर्लंड जिंकलेल्या काउंटीला ते फार लागलं. कप जिंकला, पण जिंकल्याचा आनंद सांगताना आजही लोक जरा खाली बघतात. सांगायचा मुद्दा, फेब्रुवारीत गमावलेला एक गुण मे महिन्यात दारात उभा राहतो.

सामन्याआधी: मैदानावर नक्की कोण आहे?

गेलिक फुटबॉलचे खेळाडू हौशी आहेत. शिक्षक, शेतकरी, सुतार, विद्यार्थी. पगार नाही, आणि मोठ्या फुटबॉलसारखी खेळाडू विकत घेण्याची सोय नाही. स्ट्रायकर कमी पडला म्हणून जानेवारीत दुसरीकडून आणता येत नाही. काउंटीच्या मातीत जे उगवलं तेच. म्हणून लीगचा निकाल वाचण्याआधी 'कोण नव्हतं' हे वाचावं लागतं.

तीन कारणांनी माणसं गायब असतात. एक, गावचा क्लब. क्लबची ऑल-आयर्लंड फायनल जानेवारीत होते. तिथपर्यंत पोचलेल्या क्लबचे काउंटी खेळाडू वर्षभर दमलेले असतात, त्यांना पहिले एक-दोन सामने विश्रांती मिळते. दोन, कॉलेज. सिगर्सन कप ही विद्यापीठांची स्पर्धा याच दिवसांत असते. मंगळवारी कॉलेजसाठी चिखलात साठ मिनिटं धावलेला वीस वर्षांचा पोरगा रविवारी काउंटीसाठी जड पायांनी धावला तर 'याचा फॉर्म गेला' असं म्हणू नका. तीन, दुखापती. लहान काउंटीचं यातच कंबरडं मोडतं. २०२५ मध्ये लीट्रिमला फर्मानाविरुद्धच्या सामन्यासाठी संघच उभा करता आला नाही, सामना सोडून द्यावा लागला. तक्त्यात तो फक्त एक पराभव दिसतो.

सामन्याच्या एक-दोन दिवस आधी संघ जाहीर होतो. त्यावर फार विसंबू नका. जाहीर केलेला पंधरांचा संघ आणि प्रत्यक्ष उतरलेला संघ यांत दोन-तीन नावांचा फरक असणं हा इथला जुना खेळ आहे. त्याला 'डमी टीम' म्हणतात. वॉर्मअपच्या वेळी मैदानात पोचा आणि पाठीवरचे नंबर मोजा. पंधराच्या पुढचा नंबर सुरुवातीला उतरला की आजोबा कार्यक्रमपत्रिकेवर खूण करतात आणि माझ्याकडे बघून भुवया उडवतात.

सामना चालू असताना काय टिपायचं?

कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिल घ्या. पेन नको, जानेवारीच्या पावसात शाई पसरते. आजोबांच्या पत्रिकेच्या मागच्या पानावर चार ओळी असतात आणि त्यांत उभ्या रेघा: पाच झाल्या की आडवी काट. आमच्याकडे दूधवाल्याचा हिशेब असाच ठेवायचे.

पहिली ओळ किकआउटची. पॉइंट झाला किंवा चेंडू बाहेर गेला की गोलकीपर चेंडू पुन्हा खेळात आणतो. आधी तो शेजारच्या बॅककडे अलगद देऊन टाकायचा. नव्या नियमाने चेंडू चाळीस मीटरच्या कमानीपलीकडे जावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक किकआउट म्हणजे मधल्या पट्ट्यात सात-आठ जणांची झटापट. स्वच्छ झेल कमीच, बहुतेकदा चेंडू कुणाच्या तरी बोटांना लागून खाली पडतो, आणि तो सुटा चेंडू कोण उचलतं यावर निम्मा सामना ठरतो. आपल्या किकआउटपैकी किती आपल्यालाच मिळाले आणि त्यांचे किती आपण पळवले, एवढ्या दोन रेघा ओढल्यात तरी स्कोअरपेक्षा जास्त कळेल. एखादा संघ सहा मिनिटांत सात पॉइंट खातो तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं: लागोपाठ चार किकआउट गेले, श्वास घ्यायला चेंडूच मिळाला नाही.

दुसरी ओळ वाइडची, म्हणजे पोस्टबाहेर गेलेल्या किकांची. बारा वाइड मारून दोन पॉइंटांनी हरलेल्या संघाची मला काळजी वाटत नाही. संधी तयार होतायत. नेम मार्चपर्यंत बसतो, मैदानं सुकतात. तीनच वाइड मारून हरलेल्या संघाची वाटते. त्याला संधीच मिळाली नाही.

तिसरी ओळ, पॉइंट आले कुठून. चालू खेळातून की फ्री किकवर? वर्तमानपत्रात खेळाडूच्या नावापुढे कंसात हे दिलेलं असतं. एकाच खेळाडूच्या नावावर नऊ, त्यातले सात फ्रीवर, आणि बाकी पाच फॉरवर्ड मिळून तीन, असं चित्र दिसलं तर निकाल काहीही असो, त्या संघाला उन्हाळ्यात चांगला बॅक भेटला की झालं. केरीकडे डेव्हिड क्लिफर्डसारखा हुकमी फॉरवर्ड आहे म्हणून तिथे नियमाला सूट. तुमच्या काउंटीत क्लिफर्ड नाही असं धरून चाला.

चौथी ओळ वाऱ्याची. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला वारा हा खेळाडू असतो हे पटायला वेळ लागतो. गॉलवेचं पिअर्स स्टेडियम समुद्राच्या अगदी जवळ, सॉल्टहिलला आहे. तिथे अटलांटिकचा वारा कधी कधी सोळावा गडी म्हणून खेळतो. बाकी मैदानंही फार मागे नाहीत. वारा पाठीशी असला की चाळीस मीटरच्या बाहेरून मारलेली किक दोन पॉइंट देते. समोरून असला की तीच किक गोलकीपरच्या हातात अलगद पडते. त्यामुळे हाफटाइमचा स्कोअर जवळजवळ निरर्थक असतो. समजा, वाऱ्यासोबत खेळून आपण ०-१२ आणि ते ०-०५. सात पॉइंटांची आघाडी! आजूबाजूचे नवखे टाळ्या पिटतायत. आजोबा चहाचा थर्मास उघडतात आणि म्हणतात, 'हे वाऱ्याचे पॉइंट. आपले मोजायला आता सुरुवात.' बाजू बदलल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आपण वाऱ्याविरुद्ध चेंडू हातात ठेवून, छोटे पास देत, जवळ जाऊन दोन पॉइंट काढले, तर संघ शहाणा आहे. लांब किक मारून चेंडू परत देत बसला, तर नाही.

अजून एक गोष्ट डोळ्यांनी टिपायची, रेघेने नाही. आता प्रत्येक संघाला तीन खेळाडू समोरच्या अर्ध्यात ठेवावेच लागतात. पूर्वीसारखे सगळे पंधरा स्वतःच्या गोलसमोर भिंत करून उभे राहू शकत नाहीत. म्हणजे बचावासाठी उरतात अकरा आणि गोलकीपर. मग हल्ला करणाऱ्यांचा गोलकीपर कधी कधी मध्यरेषा ओलांडून पुढे येतो. आपला गोलकीपर हे धाडस करतो का, आणि चेंडू गेला तर मागे कोण धावतं? लीग ही असल्या प्रयोगांचीच जागा आहे. फेब्रुवारीत रिकाम्या गोलमध्ये एक खाल्ला तर प्रशिक्षकाला शिव्या घालू नका. मे महिन्यात खाल्ला तर जरूर घाला.

तिसऱ्या सामन्यापर्यंत तोंड बंद

हा माझा नियम आहे, शेजाऱ्यांचा नाही. ते पहिल्या थ्रो-इनपासूनच, म्हणजे खेळ सुरू होताच, बोलत असतात. पण नव्या माणसाने थांबावं. पहिल्या सामन्यात कोण किती सराव करून आलंय हेच कळतं. नवा प्रशिक्षक असेल तर नव्याचे नऊ दिवस हेही लक्षात घ्या: पहिल्या दोन विजयांत जोश त्याचा असतो, पद्धत अजून आलेली नसते. तिसऱ्या सामन्यानंतर आपल्या चारही ओळी शेजारी ठेवा. किकआउट सुधारतायत? कोणी नवा पोरगा तिन्ही वेळा सुरुवातीपासून खेळला? शेवटच्या पंधरा मिनिटांत बदली म्हणून उतरलेले खेळाडू काही करतायत की नुसते टी-शर्ट कोरडे ठेवून परततायत? सव्वीस जणांच्या पॅनेलमधून जुलैला पुरतील असे वीस मिळाले, तर माझ्या मते ती लीग चांगली गेली, बढती मिळो न मिळो. आजोबांना हे मान्य नाही. त्यांना बढती हवी.

इथल्या लोकांचं बोलणंही जरा उलगडून घ्यावं लागतं. 'वाईट नव्हते' म्हणजे उत्तम खेळले. 'प्रयत्न तरी केला' म्हणजे काहीच जमलं नाही. आणि 'या वर्षी काही खरं नाही' हे तर जिंकल्यावरही म्हणतात, नजर लागू नये म्हणून असेल. उलट एखादा फेब्रुवारीतच क्रोक पार्कच्या (डब्लिनमधलं फायनलचं मैदान) तिकिटांची चौकशी करत असेल तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढंच मनात म्हणा.

लीगवरून उन्हाळ्याचा अंदाज बांधताना

इतिहास बघितलात तर डोकं चक्रावेल. २०२२ मध्ये डब्लिन, सलग सहा ऑल-आयर्लंड जिंकून फार वर्षं झाली नव्हती, पहिल्या डिव्हिजनमधून घसरली. पुढच्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळली आणि ऑल-आयर्लंड जिंकली. २०२४ मध्ये आर्मानेही तेच केलं. ते दुसऱ्या डिव्हिजनची फायनल डॉनिगॉलकडून एका पॉइंटाने हरले, अल्स्टर प्रांताची फायनल पुन्हा डॉनिगॉलकडूनच पेनल्टींवर हरले, आणि जुलैच्या शेवटी गॉलवेला एका पॉइंटाने हरवून सॅम मॅग्वायर घरी घेऊन गेले.

उलट बाजूही बघा. २०२३ ला मेयोने लीगची फायनल जिंकली आणि आठवडाभरात स्वतःच्याच मैदानावर, कॅसलबारला, रॉसकॉमनकडून कॉनॉक्ट प्रांताच्या स्पर्धेत हरले. २०२४ ची लीग डेरीने डब्लिनला पेनल्टींवर हरवून जिंकली. तीन आठवड्यांत डॉनिगॉलने त्यांना चार गोल मारून अल्स्टरबाहेर काढलं, आणि पुढच्या वर्षी तर डेरी पहिल्या डिव्हिजनमधून घसरलीच.

मग लीगचा काही उपयोग नाही म्हणावं, तर केरीने २०२२ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं लीगही जिंकली आणि ऑल-आयर्लंडही. आणि त्याच २०२५ च्या जूनमध्ये आमच्या मीथने, दुसऱ्या डिव्हिजनमधून बढती न मिळालेल्या मीथने, केरीला टलामोरमध्ये नऊ पॉइंटांनी हरवलं होतं! त्याआधी डब्लिनला, त्यानंतर गॉलवेला. मग सेमीफायनलला डॉनिगॉलने आम्हाला वीस पॉइंटांनी तुडवलं. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कोणी बाहेर आलं नाही.

यातून मी एवढंच काढलंय: पहिल्या डिव्हिजनचं तळ आणि दुसऱ्या डिव्हिजनचं टोक यांत फार अंतर नसतं. कोणत्या डिव्हिजनमध्ये आहात यापेक्षा मार्चमध्ये कोणत्या दिशेने चाललात ते बघा. दुसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनमधलं अंतर मात्र खरं असतं, तिथे चमत्काराची वाट बघू नका.

आता टेबल बघा

सातव्या फेरीला सगळं टेबलावर येतं. दोन नियम पाठ करा. दोनच संघांचे गुण सारखे असतील तर त्यांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघतात. तीन किंवा जास्त संघ अडकले तर स्कोअरमधला फरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले. आपल्या नेट रन रेटवर पोसलेल्या मराठी माणसाला हे सोपं जातं; किंबहुना स्टँडमध्ये मला मान मिळाला तो याच गणितामुळे.

सहा गुणांवर कधी तरता येतं, कधी नाही. म्हणून शेवटच्या फेरीत प्रत्येक संघाला काय हवंय ते आधी लिहून ठेवा. ज्याचं सगळं ठरून गेलंय तो संघ राखीव पोरं उतरवतो. प्रांताची स्पर्धा तोंडावर असते, फायनल खेळायची हौस सगळ्यांनाच नसते. अशा संघाविरुद्ध मिळवलेले दोन गुण तक्त्यात पूर्ण मोजले जातात, फॉर्मच्या हिशेबात मी निम्मे धरतो.

एका डिव्हिजनचे चारही सामने त्या दिवशी एकाच वेळी सुरू होतात. एका कानात स्थानिक रेडिओ ठेवा. घरी असाल तर टीजी४ हे चॅनेल लावा. समालोचन आयरिशमध्ये असतं, पण स्कोअरला भाषा लागत नाही. मैदानात असाल तर पत्रिकेच्या समासात तीन मैदानांची नावं लिहा आणि समोर फरकाचे आकडे, पेन्सिलनेच, कारण दर पाच मिनिटांनी खोडावे लागतात. गेल्या खेपेला शेवटची दहा मिनिटं आजोबांनी सामना बघितलाच नाही. ते माझ्या समासाकडे बघत होते. 'आता किती?' 'उणे तीन.' 'आणि त्यांचं?' 'उणे पाच, पण त्यांच्याकडे वारा आहे.' त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, टोपी कानांपर्यंत ओढली आणि म्हणाले, 'मग अजून लिहू नकोस.'